वाकळेला पट्टी कशाला?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव येतं. बाहेरच्यांना हे गाव माहीत झालं ते व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे. पण गावठाणातल्या घरांत गेलात तर फळीवर, पेटीवर, पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून ठेवलेल्या वाकळा, म्हणजे गोधड्या, दिसतील, आणि त्यांचा कारखान्याशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की बायका ओसरीत लुगडी पसरतात, चार कोपऱ्यांना दगड ठेवतात आणि सुईदोरा घेऊन बसतात.

इथला वाद अशाच एका वाकळेवरून झाला. वाद करणाऱ्या दोघी म्हणजे मावशी आणि भाची. मावशी गावातली, साठीच्या पुढची. भाची शहरात राहते, शिवणकर्तनाचा कोर्स केलेला, घरी मोटर बसवलेलं मशिन, आणि फोनवरून ऑर्डरी घेते. ऑर्डर होती पाच फूट बाय साडेसात फुटांच्या गोधडीची: दोरे हातानेच घातलेले हवेत, कडेला चारी बाजूंनी नीट पट्टी हवी आणि कोपरे टोकदार, पंचेचाळीस अंशांच्या घडीचे हवेत. दोरे मावशीने घालायचे, पट्टी भाचीने लावायची असं ठरलं होतं. मावशीची वाकळ झाली, भाची पट्टीचं कापड घेऊन आली.

मावशी : पट्टी कशाला लावायची गं वाकळेला? बघ की कड. कुठं दोरा निघालाय का?

भाची : आज नाही निघाला मावशी, पण निघेल. आणि घेणारे लोक आधी कोपराच हातात घेतात. कोपरा नीट असेल तर मग पुढची गोधडी उलगडून बघतात.

मावशी : कोपरा वाकळ उचलायला असतो, बघायला नसतो.

भाची : तू बोलायला लागलीस की मला काही सुचतच नाही बघ.

मावशी : बोलत न्हाई, सांगायले. तुझ्या आजीच्या हातच्या वाकळा हायेत पेटीत. एकीला तरी पट्टी दिसती का दाखव. लुगडं नऊवारी, सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फुटांची लांबी आपोआप झाली. पन्हा लुगड्याचाच. दोन्ही अंगाला काठ आयता. काठाचा दोरा निघतो का कधी? न्हाई निघत. राहिली दोन टोकं, पदराचं आणि दुसरं. ती आत मुडपायची. झालं. आता कशाला पट्टी लावतीस?

मावशीच्या या बोलण्यात वस्त्रशास्त्र आहे, आणि ते पक्कं आहे. मागावर कापड विणताना आडवा दोरा दोन्ही बाजूंना वळून परत येतो, म्हणून कापडाच्या लांबीच्या दोन कडा बंद असतात. उसवतात त्या फक्त कापलेल्या कडा. पैठणीला नारळी किंवा पंखी काठ असतो तो मागावरच विणलेला. तिथं कड मुडपायचा प्रश्नच येत नाही. जुनी वाकळ अख्ख्या लुगड्याची असे, तोवर लांबीच्या दोन बाजू विणकराने आधीच बंद करून दिलेल्या असत. पट्टी नव्हती याचं कारण आळस नव्हे, गरजच नव्हती.

भाची : अगं, पण अख्खं लुगडं आणायचं कुठून? नऊवारी आता नेसतं कोण? साड्या आहेत त्या सिंथेटिक. आत घातल्या की घसरतात, कापल्या की दोरे सोडतात. माझ्याकडे येतात त्या शिंप्याकडच्या चिंध्या, ब्लाउजपीसचे तुकडे. वरचं सगळं अंग जोडाचं. त्याला काठ नाही. चारही बाजू कापलेल्या.

मावशी : मग मुडपायच्या.

भाची : मुडपलेल्या कडेवर ताण सगळ्यात जास्त येतो. ओढताना आपण कड धरतो, वाळत घालताना कड धरतो, पोरं कडेला पाय अडकवतात. डोक्याकडची बाजू तेलकट होते, ती जास्त घासली जाते. सगळ्यात आधी विरते ती कडच. आणि तुझ्या वाकळेत कड विरली म्हणजे मूळ कापडच विरलं. पट्टी लावली तर विरेल ती पट्टी. उसवली, नवी लावली, गोधडीच्या अंगाला धक्का नाही.

मावशी यावर गप्प बसली. पटलं म्हणून की उत्तर शोधायला, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. माझं मत विचाराल तर इथं भाचीचं म्हणणं बिनतोड आहे. पट्टी हा गोधडीचा बदलता येणारा भाग. लोक तिला शोभा समजतात आणि मग रंगावरून भांडतात.

मावशी : वाकळ विरली की आम्ही पट्टी न्हाई बदलत. आख्खं नवं लुगडं चढवतो वरून. जुनी आत जाती. पुन्हा विरली, पुन्हा एक. आतमध्ये कुणाकुणाचं काय काय हाय ते आम्हालाच माहीत. पट्टी मारून बंद केली म्हणजे ती संपली, पुढं वाढायची न्हाई.

भाची : विकत घेणारी बाई वरून साडी नाही चढवणार गं.

मावशी : मग तिनं घोंगडं घ्यावं.

इथवरचा वाद तसा तोंडी होता. खरी अडचण निघाली टेप काढल्यावर.

भाचीने वाकळ फरशीवर पसरली आणि टेप एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत धरला. मग दुसरा कर्ण मोजला. चौकोन नीट असेल तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. ते आले नाहीत. शिवाय चारही कोपरे गोलसर होते; मावशी कोपरा बोटाने आत लोटून वर टाके घालते, म्हणून.

भाची : दोन इंचांचा फरक आहे मावशी.

मावशी : मग? माणूस काय काटकोनात झोपतंय?

भाची : कोपरा टोकदार नसेल तर पट्टीची घडी बसतच नाही. पट्टी लावण्याआधी गोधडी चौकोनात कापून घ्यावी लागते. मोजपट्टी आणि कात्री दे, अर्धा अर्धा इंच काढते.

मावशी : हात लावू नको! पहिला फेरा कापशील माझा!

आणि ते खरंच होतं. मावशीची वाकळ काठापासून सुरू होते. कडेला लागून पहिला धावदोरा चारी बाजूंनी फिरतो, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, मग तिसरा, अशी आत आत जाणारी चौकटीची रांग मध्यावर येऊन संपते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गोधड्या अशाच. कापडाची ढिलाई, सुरकुती जे काही असेल ते फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे ढकललं जातं आणि पोटात मुरतं. म्हणून जुनी वाकळ मध्यभागी फुगीर आणि कडेला घट्ट लागते.

भाची शिकलीय ती उलटी रीत. आधी मध्यात टाके, मग बाहेर. ढिलाई कडेकडे सरकवत न्यायची, शेवटी कडेचा वाकडातिकडा भाग कापून टाकायचा आणि कापलेली कड पट्टीत झाकायची. तिच्या रीतीत पट्टी हा शेवटचा टाका. मावशीच्या रीतीत कड हाच पहिला टाका. पट्टी सुबक येत नाही म्हणून हाताला दोष देणाऱ्या बायकांनी आधी हे बघावं, की आपण गोधडी सुरू कुठून केली. काठापासून शिवलेल्या वाकळेला शेवटी पट्टी लावायला गेलं तर कापायला जागाच नसते. जिथं कापाल तिथं वाकळेचा पायाच कापला जातो.

भाची : मग आता काय करायचं? ऑर्डर परवा द्यायची आहे.

मावशी : मधून सुरू करायची पद्धत मला न्हाई जमायची, आधीच सांगते. मधी सुई खुपसली की कड पळती.

भाची : पळते म्हणून तर आधी कच्चा दोरा घालायचा. हातभर अंतराने.

मावशी : पुढच्या येळचं पुढं बघू. ह्या वाकळेचं बोल.

मावशीने सुई उलटी धरली आणि पहिल्या कोपऱ्याचे टाके उसवायला घेतले. फार नाही, वीतभर. आत लोटलेलं कापड बोटाने बाहेर काढलं, ओलसर हाताने दाबलं, आणि कोपरा पुन्हा कोपरा झाला. कापड तिथंच होतं, दडवलेलं. कर्णातला फरक त्याने सगळा गेला नाही, पण पाच बाय साडेसात फुटांत दोन इंचांनी कोपऱ्याचा कोन एखाद्या अंशाने ढळतो. तेवढं पट्टीची घडी सांभाळून घेते. गोल कोपरा मात्र ती सांभाळत नाही. गोलच ठेवायचा असता तर उरेब कापडाची पट्टी लावावी लागली असती, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी कापलेली. उरेब ताणली जाते, गोलाईवरून सुरकुती न पडता वळते, आणि घडीचा प्रश्नच उरत नाही. मावशीने तीच सुचवली होती. गिऱ्हाइकाला टोक हवं होतं.

मग पट्टीचा हिशोब. भाचीने अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. सगळीकडे तेच माप सांगतात: पट्टी उभी दुमडून दुहेरी करायची, तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावायच्या, पाव इंच आत शिलाई मारायची, दुमडलेली बाजू मागे वळवायची. दोन पातळ कापडं आणि मध्ये कापसाची पातळ चादर असेल तर अडीच इंच पुरतात. मावशीच्या वाकळेत साड्यांचे सहा थर होते.

मावशी : ही पोचायची न्हाई मागं.

भाची : पोचेल गं, सगळे अडीचच घेतात.

मावशी : वळवून बघ की न शिवता.

पट्टी मागे वळली, पण शिलाईची रेघ झाकली जाईना. भाचीने कागद घेतला. शिंपी आणि सुतार अजूनही इंचाचे आठ सूत धरतात. हिशोब सुतातच सोपा जातो. जाड वाकळेला पाव इंच म्हणजे दोन सूत आतली शिलाई धरत नाही, कडेचे थर निसटतात. तीन सूत तरी आत यावं लागतं. दुहेरी पट्टीची रुंदी म्हणजे शिलाईच्या अंतराची सहापट, अधिक जाडीची दुप्पट, अधिक थोडी ढील. सहा त्रिक अठरा. वाकळेची जाडी दोन सूत, त्याची दुप्पट चार. बावीस झाले. ढील दोन सूत. चोवीस सूत, म्हणजे बरोबर तीन इंच. अडीच इंचाचे झाले वीस. पट्टी अपुरी पडणारच होती.

लांबीचा हिशोब भाचीने आधीच केलेला होता: साठ आणि नव्वद इंच, चारी बाजू मिळून तीनशे, वर कोपरे आणि शेवटचा जोड यासाठी बारा. तीनशे बारा इंच.

मावशी : म्हणजे साडेसतरा हात.

भाचीने मोबाइलवर भागाकार केला. एका हाताचे अठरा इंच धरले तर सतरा हात आणि सहा इंच. मावशीने अर्धा हात वर धरला होता, तीन इंच जास्तच. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून आठ पट्ट्या निघाल्या की भागतं. आठ पट्ट्या तीन इंचांच्या, म्हणजे चोवीस इंच कापड. पाऊण मीटर आणलं की निश्चिंती. पट्ट्या एकमेकींना सरळ जोडायच्या नाहीत, तिरक्या जोडायच्या. सरळ जोडात चार पदर एका जागी येतात आणि मागे वळवताना तिथं गाठ लागते. तिरक्या जोडात तेच पदर तीन इंचांवर पसरतात. प्रत्येक जोडात तीनेक इंच खर्ची पडतात, तरी पुरतं.

आता कोपरा. इथं दोघी अर्धा तास बसल्या आणि इथंच सगळ्यात जास्त बोलणं झालं, म्हणून सावकाश सांगतो.

पट्टी बाजूच्या मधोमध लावायला घ्यायची, कोपऱ्यापासून कधीच नाही, आणि सुरुवातीचं वीतभर टोक मोकळं सोडायचं. तीन इंची पट्ट्या जोडून झाल्यावर भाचीने मशिनला सोळा नंबरची सुई बसवली, टाका जरा लांब केला, आणि पहिली बाजू शिवत कोपऱ्याकडे आली. कडेपासून पाव इंचावर थांबली, दोरा पक्का केला, वाकळ मशिनवरून काढली. पट्टी वर उचलली, अशी की ती पुढच्या बाजूच्या सरळ रेषेत डोक्याकडे उभी राहिली आणि कोपऱ्यावर तिरकी घडी पडली. मग ती घडी बोटाखाली दाबून धरली आणि पट्टी पुन्हा खाली, पुढच्या कडेवर आणली. वरची नवी घडी आधीच्या कडेशी बरोबर जुळवली. तिथून, अगदी टोकापासून, पुढची शिलाई सुरू. चार बोटं शिवून झाली आणि तिने पट्टी मागे वळवून बघितली. टोक आलं नाही. कोपरा आत ओढला गेला आणि जवळ एक चुणी पडली.

भाची : व्हिडिओत तर असंच दाखवलं होतं. पाव इंचावर थांबा.

मावशी : त्यांची शिलाई किती आत असती?

भाची : पाव इंच.

मावशी : आणि तुझी?

भाची : तीन सूत.

मावशी : मग तू दोन सुतांवर थांबलीस कशी? तुझा दोरा कडेपासनं जेवढा आत, तेवढंच कोपऱ्याच्या अलीकडं थांबायचं. तू एक सूत पुढं गेलीस. घडीचं कापड त्या टाक्यात सापडलंय, ते वळंल कसं?

पंचेचाळीस अंशांच्या कोपऱ्याचं सगळं मर्म एवढंच आहे, आणि शिकवणारे बहुधा माप सांगतात, कारण सांगत नाहीत. दोन बाजूंच्या शिलाया जिथं एकमेकींना भेटायच्या तो बिंदू दोन्ही कडांपासून सारख्याच अंतरावर असतो. त्या बिंदूवर थांबलात तर पट्टी त्याच्याभोवती फिरते. पुढे गेलात तर टाका घडीला धरून ठेवतो आणि टोक दबतं. आधी थांबलात तर कोपऱ्यात सैल खिसा राहतो. माप शिलाईप्रमाणे बदलतं. मावशीने आयुष्यात पट्टी लावलेली नव्हती, पण चौकटीचे फेरे आत आत नेताना प्रत्येक कोपऱ्यावर तिने हेच तर केलं होतं: आधीच्या फेऱ्यापासून बोटभर आत, कोपऱ्याच्याही बोटभर अलीकडे, आणि मग वळायचं.

भाचीने कोपरा उसवला. तीन सुतांवर खडूची खूण केली, तिथं थांबली. या वेळी टोक आलं.

मावशी : पुढनं चांगलं झालं. मागनं बघ आता, केवढा गोळा झालाय.

मागच्या बाजूला पट्टी वळवली की तिथंही कोपऱ्यात घडी पडते. पुढची घडी आणि मागची घडी एकाच बाजूला झुकली तर सगळे पदर एका ठिकाणी येतात आणि कोपरा सुपारीएवढा टणक होतो. भाची सवयीने दोन्ही घड्या एकाच दिशेला पाडत होती. मावशीने तिचा हात बाजूला केला, मागची घडी उलट्या अंगाला पाडली आणि अंगठ्याने दाबली. गोळा दोन भागांत वाटला गेला. कोपरा सपाट बसला. मग घडीच्या तिरक्या रेषेवर, पुढून आणि मागून, दोन-तीन बारीक टाके घालून तोंड बंद केलं. हे टाके नाही घातले तर धुताना बोट किंवा बांगडी तिथं अडकते. परदेशात गोधड्यांच्या स्पर्धा होतात, तिथं परीक्षक कोपऱ्याची ही घडी बंद आहे का आणि पट्टी आतून भरलेली आहे की पोकळ, हे हात लावून बघतात, असं भाचीने सांगितलं.

मावशी : स्पर्धा? वाकळांची?

भाची : हो. स्पर्धाच काय, अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका शेतातल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. त्या गोधड्या आता मोठ्या संग्रहालयांत टांगल्यात.

मावशी : टांगल्यात? आणि पांघरतं कोण?

मला स्वतःला या टोकदार कोपऱ्याचं एवढं कौतुक नाही. सुतार दाराची चौकट करतो तेव्हा साधा जोडही घालतो, उभी फळी आडवीच्या खाली. फोटोची फ्रेम करतो तेव्हाच तिरका. पट्टीतही तो साधा प्रकार आहे. आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना पट्ट्या लावायच्या, मग उरलेल्या दोन बाजूंना लावून टोकं आत मुडपायची. तिरक्या घडीचा त्रास नाही, आणि एकच बाजू विरली तर तेवढीच उसवून बदलता येते. मावशीला हा प्रकार लगेच पटला, भाचीला नाही. चौकटी कोपरा ओबडधोबड दिसतो म्हणे.

तिसरी वाट कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांची. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या या आफ्रिकी वंशाच्या बायका कवंदी शिवतात, त्याही कडेपासून आत. त्यांच्या कोपऱ्यांवर कापडाच्या चौकोनी तुकड्याच्या घड्या घालून केलेली रंगीत त्रिकोणी फुलं बसवलेली असतात. फुलं नसतील तर कवंदी उघडी समजतात. म्हणजे मावशीसारखीच काठाची रीत, आणि तरीही कोपऱ्याचा मान राखलेला. कोपरा लपवायचा नाही आणि मोजायचाही नाही, त्याच्यावर काहीतरी ठेवायचं. भाचीच्या फोनवर कवंदीचा फोटो बघून मावशी एवढंच म्हणाली, की हे आपल्याला आधी सांगितलं असतं तर कोपरे उसवावे लागले नसते. आणि गाडगेबाबा, ज्यांना लोक गोधडे महाराज आणि चिंधेबुवा म्हणत, त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीला कोपरे कसे होते याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

चारही बाजूंना पट्टी लागली. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक एकमेकांवर ठेवून भाचीने तेही तिरक्या जोडाने जोडलं. आता पट्टी मागे वळवून शिवायची राहिली. आणि वाद पुन्हा उभा राहिला, या वेळी जास्त तिखट.

भाची : मागची बाजूपण मशिनवर मारते. तासाभरात होईल.

मावशी : न्हाई. मागची हातानं.

भाची : मावशी, तीनशे इंच तुरपाई! दोन दिवस जातील. आणि लोक आता गोधडी वॉशिंग मशिनमध्ये टाकतात. हाताचे टाके टिकत नाहीत त्यात.

मावशी : दाट घातले की टिकतात. मशिनची शिलाई पुढच्या बाजूला हायेच की. मागनंपण मशिन मारलंस तर एवढ्या जाडीतून सुई जाताना पट्टी सरकती, पुढच्या अंगाला रेघ वाकडी दिसती. हे बघ, इथंच सरकलीय.

भाची : त्याला वॉकिंग फूट मिळतो, वरचं आणि खालचं कापड सारखंच पुढे नेतो. घेणार आहे मी.

मावशी : घे की. पण मघाशी तूच म्हणालीस ना, पट्टी विरली की उसवून बदलायची? मग दोन्ही बाजूंनी मशिन मारून ती उसवायची कशी? ब्लेड लावून? ब्लेड लागलं की खाली माझी वाकळ कापली. मागनं हातानं तुरपली तर दोरा तोडला की पट्टी मोकळी. पुढची शिलाई उघडी पडली, ती सावकाश काढता येती.

भाची गप्प. तिचंच म्हणणं मावशीने तिच्यावर उलटवलं होतं, आणि बरोबर उलटवलं होतं. पट्टी बदलण्यासाठी असेल तर ती बदलता आली पाहिजे. इथं मी मावशीच्या बाजूचा.

भाची : बरोबर आहे तुझं. पण हे कुणाला सांगू? घेणारीला दोन्ही सारखंच दिसतं. मशिनवाली स्वस्तात मिळते. हातवालीचे जास्तीचे पैसे मागितले की म्हणतात, कडेचेच एवढे? मधल्या दोऱ्यांचं कौतुक करतात सगळे. कडेच्या तुरपाईचं नाव कुणी काढत नाही, कारण चांगली तुरपाई दिसतच नाही.

मावशी : दिसली तर ती तुरपाई कसली?

भाची : हेच ना. न दिसणाऱ्या कामाचे पैसे कसे मागायचे?

मावशी : कागदावर लिही. पट्टी मागून हातानं शिवलेली, विरली तर बदलून मिळंल. बदलायचे वेगळे पैसे. मशिनवालीला हे लिहिता येतंय का बघ.

भाचीला ही कल्पना आवडली असावी. ती फोनवर काहीतरी टाइप करू लागली. मावशीने पट्टीचा मागचा कोपरा उचलला, शिलाईची रेघ पुरती झाकली जाते का ते बघितलं, खुणेला एक टाचणी टोचली.

मावशी : आणि पट्टीचं कापड कुठलं आणलंयस हे? काळं? माझ्याकडं इरकली लुगड्याचा काठ पडून हाय, लाल-पिवळा.

भाची : काठ पट्टीला नाही चालत मावशी. जाड असतो, दुहेरी केला की कोपऱ्यात घडी बसत नाही. आणि नक्षी कोपऱ्यावर तुटते.

मावशी : काठ चालत न्हाई, मधून सुरू करायची, कर्ण मोजायचा. बरं. पुढच्या वाकळेला कच्चा दोरा घालून देईन, चार बोटं कड मोकळी सोडीन, तुला काय कापायचं ते काप. पण तुरपाईची मजुरी आत्ता सांग, मग सुई उचलते.

भाचीने आकडा सांगितला.

मावशी : एका बाजूचा सांगितलास. चार बाजू हायेत.